पसरणी घाट, ३४-२८ आणि एकोणतीसचा पाढा : एका चढाचं प्रकरण

पहिल्या दिवशीची नोंद अशी होती : वाई ते पाचगणी, १ तास १८ मिनिटं. त्यातली ९ मिनिटं सायकल रस्त्याकडेला टेकवून उभं राहण्यात गेलेली.

ही नोंद माझ्या सरांची. अकरावी-बारावीला त्यांनी मला फिजिक्स शिकवलं. आज त्यांचं वय ४६, वजन ७४ किलो. दिवाळीत त्यांनी रोड बाईक घेतली आणि तीन महिन्यांत वाई-सुरूर रस्त्यावर ताशी २६-२७ चा वेग धरू लागले. मग फेब्रुवारीत एका रविवारी कुणाला न सांगता पसरणी घाटात गेले. दुपारी त्यांचा फोन आला.

"अरे, पाय संपले माझे. घाट काही आपल्याला जमायचा नाही. कार्बनची सायकल घेऊ का? दीड लाखापर्यंत जायची तयारी आहे."

मी म्हटलं, "सर, आधी नोंद पाठवा. सायकलचं मग बघू."

त्यानंतरच्या अडीच महिन्यांत आम्ही काय केलं, त्यातलं काय चुकलं आणि काय लागू पडलं, ते इथे सविस्तर लिहितो आहे. सरांनी त्यांचे सगळे आकडे वापरायला परवानगी दिली आहे. सुरुवात करण्याआधी त्यांनी डॉक्टरांना दाखवून ईसीजी आणि स्ट्रेस टेस्ट करून घेतली. चाळिशीनंतर घाटाच्या मागे लागणाऱ्या प्रत्येकाला मी हे आधी करायला सांगतो.

घाट कसा आहे

वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७२० मीटरवर, पाचगणी सुमारे १२९० मीटरवर. मधला रस्ता साधारण १२ किलोमीटरचा. म्हणजे ५७० मीटर वर जायचं आणि सरासरी चढ पाच टक्क्यांच्या आतबाहेर. पसरणी गाव मागे पडलं की खरा चढ सुरू होतो आणि मग फारसा सोडत नाही. वळणांवर तो जास्त टोचतो, पण भिंतीसारखा उभा कुठेच नाही. हा घाट एकसारखा आहे. त्यामुळे शिकायला चांगला आहे आणि त्यामुळेच फसवाही आहे. पहिले दोन किलोमीटर इतके सोपे वाटतात, की माणूस सपाटीवरचाच वेग पुढे रेटत राहतो. खाली धोम धरणाचं पाणी दिसायला लागतं तोवर त्याची किंमत वसूल व्हायला सुरुवात झालेली असते.

सरांच्या नोंदीत नेमकं हेच दिसत होतं. पहिले दोन किलोमीटर ताशी १५ च्या वेगाने, पुढे मोठ्या चेनरिंगवर (पॅडलजवळच्या दातेरी चकतीवर). दुसऱ्या किलोमीटरच्या शेवटी हृदयाचे ठोके १६८. तिसऱ्या किलोमीटरला एका वळणावर त्यांनी जोर लावलेला असतानाच पुढचा गिअर ५० दात्यांवरून ३४ वर टाकला. चेन ताणाखाली होती, ती आतल्या बाजूला पडली. हा पहिला थांबा. नंतर वेग ताशी ८, मग ७. बुवासाहेब मंदिरापाशी दुसरा थांबा.

हिशेब

सर फिजिक्सचे, म्हणून मी त्यांच्यासमोर कागदच ठेवला. सर ७४ किलो, सायकल १०, पाणी आणि किरकोळ सामान २, असे एकूण ८६ किलो. ते ५७० मीटर वर न्यायला साधारण ४८० किलोज्यूल लागतात. हळू जा नाहीतर जोरात, हा आकडा बदलत नाही. टायरचं घर्षण आणि हवेचा रोध धरले तर ढोबळमानाने ५८० च्या आसपास जातो.

मग पाच टक्के चढावर ताशी १५ ने जायला किती शक्ती लागते ते काढलं. उत्तर सुमारे २२० वॅट. त्यातला साधारण चार-पंचमांश भाग नुसता गुरुत्वाकर्षणाविरुद्ध जातो. आणि थांबे वगळून सरांची त्या दिवशीची सरासरी निघाली जेमतेम १४० वॅट.

सर बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. म्हणाले, "म्हणजे पहिल्या दहा मिनिटांत मी उधारीवर चाललो होतो."

अगदी तसंच. शरीराची एक पातळी असते. तिच्या खाली राहिलं तर स्नायूंना लागणारी ऊर्जा प्राणवायूच्या भरवशावर तासभर मिळत राहते. पातळी ओलांडली की स्नायू दुसऱ्या, झटपट मार्गाने ऊर्जा काढतात. तो साठा छोटा असतो आणि एकदा उपसला की चढावर भरून निघत नाही. कारण चढावर विश्रांती अशी नसतेच. सपाटीवर पाय थांबवले तरी सायकल घरंगळत पुढे जाते, घाटात चार सेकंदांत उभी राहते. सपाटीवर भरपूर सायकल चालवलेले लोक घाटात गोंधळतात त्याचं कारण हेच आहे, असं मला वाटतं. जोर कमी-जास्त करत जाण्याची त्यांची सवय इथे उलटते.

कार्बनच्या सायकलचा हिशेबही त्याच कागदावर झाला. दोन किलो वाचले असते. ८६ तले दोन किलो म्हणजे तासाभराच्या चढात फार तर दीड मिनिट. वाया गेलेली ९ मिनिटं वेगळ्याच खात्यावर होती. नवी सायकल बारगळली.

पहिला बदल : फक्त सुरुवात

दहा दिवसांनी आम्ही दोघे गेलो. सायकल तीच, गिअर तेच. नियम दोनच. पसरणी गाव येण्याआधी, पाय हलके असतानाच, पुढचा गिअर लहान चेनरिंगवर टाकायचा. गिअर टाकताना अर्धा फेरा जोर काढून घ्यायचा, म्हणजे चेन गुपचूप उतरते. दुसरा नियम, पहिले तीन किलोमीटर ताशी १२ च्या वर जायचं नाही, कितीही सोपं वाटलं तरी.

हा दुसरा नियम पाळणं सरांना फार जड गेलं. शाळेतली दोन पोरं साध्या सायकलींवर आम्हाला मागे टाकून गेली, तेव्हा सर उसळलेच होते. मी मागून म्हटलं, "सर, पोरं पुढच्या वाडीत घरी जाणार आहेत, आपण पाचगणीला."

त्या दिवशी १ तास ९ मिनिटं लागली, एकही थांबा नाही. दहा दिवसांत कुणाची ताकद वाढत नाही. म्हणजे ती ९ मिनिटं निव्वळ सुरुवात आवरल्याने परत आली. या सगळ्या प्रकरणातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा आकडा हाच आहे.

गिअर

तरीही वळणांवर सर अडत होते. तिथे वेग ताशी साडेआठपर्यंत खाली यायचा. पुढे ३४, मागे जास्तीत जास्त २८ दाते असताना पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण अडीच मीटर जाते. म्हणजे त्या वेगाला मिनिटाला ५५ फेरेच पडत होते. गुडघ्यांना ते सोसत नव्हतं, आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना सर कठडा धरत होते.

मी मागे ३४ दात्यांपर्यंतची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच, सुचवली. सर नाराज झाले. "एवढा हलका गिअर म्हणजे हार मानल्यासारखं वाटतं रे."

हा समज आपल्याकडे खूप खोल आहे. पूर्वी युरोपातले व्यावसायिक शर्यतपटू आल्प्समध्ये पुढे ३९ आणि मागे २३-२५ अशा जड गिअरवर चढायचे. तीच मर्दुमकी म्हणून सगळीकडे पसरली. आज तेच व्यावसायिक डोंगराच्या टप्प्यांना मागे ३० ते ३४ दाते लावतात. त्यांची ताकद कमी झाली नाही, पायांचा हिशेब बदलला. सरांना पटलं मात्र आकड्याने. १६० वॅट जर मिनिटाला ६० फेऱ्यांनी काढायचे असतील तर पॅडलवर सरासरी १५ किलोचा दाब लागतो, ८० फेऱ्यांनी काढले तर साडेअकरा किलोचा. काम तितकंच, पण दर वेळी उचलायचं ओझं हलकं. पोतं एकदम उचलायचं की दोन खेपांत न्यायचं, एवढाच प्रश्न.

कॅसेट बदलताना एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. सरांच्या सायकलचा मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) आखूड पिंजऱ्याचा होता, तो ३४ दाते पेलणारा नव्हता. म्हणून लांब पिंजऱ्याचा डिरेलर आणि थोडी लांब चेनही घ्यावी लागली. मेकॅनिकला आधी विचारून मगच कॅसेट घ्यावी, नाहीतर दोनदा खर्च होतो.

माझी चूक

इथे मी सरांना चुकीचा सल्ला दिला, आणि तो मला अजून बोचतो. हलका गिअर मिळाल्यावर मी त्यांना मिनिटाला ९० फेरे ठेवायला सांगितलं. हा आकडा जिथे तिथे वाचायला मिळतो आणि मी तो तपासून न बघता पुढे केला. चौथ्या किलोमीटरला सरांचे ठोके १७२ झाले. बुवासाहेब मंदिराच्या कट्ट्यावर ते डोकं खाली घालून बसले, बोलता येईना. पंधरा मिनिटं मी त्यांच्या शेजारी पाण्याची बाटली धरून बसलो होतो. त्या दिवशी आम्ही तिथूनच परत फिरलो.

झालं असं की फेरे वाढले की स्नायूंवरचा भार कमी होतो, पण तो जातो हृदय आणि फुप्फुसांकडे. नुसते पाय फिरवायलाही ऊर्जा लागतेच. कमी वॅटवर चालवणाऱ्या माणसाला ९० फेरे महाग पडतात. ज्यांचं हृदय वर्षानुवर्षं तयार झालेलं आहे त्यांची गोष्ट वेगळी. सरांसाठी आम्ही ७० ते ८० ठरवलं, वळणांवर ६५ पर्यंत आलं तरी चालेल. पाय जळायला लागले तर एक गिअर हलका, धाप लागली तर एक गिअर जड आणि फेरे थोडे कमी. दोन्ही एकदम झालं तर वेगच कमी करायचा.

पाढा

आता प्रश्न असा की पातळी ओलांडली हे चालवताना कळायचं कसं? पायांची शक्ती वॅटमध्ये मोजणारा पॉवर मीटर महाग. हृदयाचे ठोके उशिरा वाढतात. ते वाढलेले दिसेपर्यंत आपण दोन मिनिटं आधीच हद्द ओलांडलेली असते. बोलता येतंय का बघा, असं सगळे सांगतात, पण एकटा माणूस घाटात बोलणार कुणाशी?

युक्ती सरांनीच काढली. ते एकोणतीसचा पाढा म्हणायला लागले. मोठ्याने.

नियम असा बसला. एका श्वासात दोन ओळी म्हणता आल्या, "एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी", तर ठीक चाललं आहे. एकच ओळ जमली तर काठावर आहोत. ओळ मधेच तुटली तर लगेच हलका गिअर आणि वेग कमी. आणि पाढा चुकायला लागला तर मेंदूपर्यंत थकवा पोचला आहे, पाणी प्या. एकोणतीसचाच का? तर दहाचा पाढा बेशुद्धीतही म्हणता येतो. याला थोडं लक्ष लागतं.

याचा आणखी एक फायदा मला नंतर लक्षात आला. मोठ्याने म्हणताना श्वास आपोआप पूर्ण बाहेर जातो. धाप लागलेला माणूस श्वास आत ओढायच्या मागे असतो आणि जुना नीट सोडतच नाही, म्हणून छाती भरलेली राहते आणि घुसमटल्यासारखं होतं. सोडण्याकडे लक्ष दिलं की घेणं आपोआप होतं.

बसणं आणि उठणं

सीट दोन सेंटीमीटर खाली होती. मी ती एकदम वर केली आणि आठवड्यात सरांच्या गुडघ्याच्या मागची शीर दुखायला लागली. मग थोडी खाली आणून दर आठवड्याला तीन-चार मिलिमीटर अशी चढवली. टाच पॅडलवर ठेवून पॅडल तळाला असताना पाय सरळ होतो, ती उंची जवळपास बरोबर असते. हात हँडलच्या वरच्या सरळ भागावर सैल ठेवायचे, कोपर थोडे वाकलेले, छाती मोकळी. चढावर वेग इतका कमी असतो की वाकून हवा चुकवण्यात फारसा अर्थ नाही. उलट वारा लागत नाही म्हणून अंग तापतं, ते लोक विसरतात. आम्ही म्हणून पहाटे सहाला निघायचो आणि जर्सीची चेन पहिल्या वळणालाच उघडायचो.

उभं राहून चालवण्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे बघण्यासारखं होतं. सर दमले की उभे राहायचे. उभं राहिलं की शरीराचं वजन पायांना पेलावं लागतं, ठोके वाढतात, आणि सौम्य चढावर ते महागच पडतं. मात्र दर दहा मिनिटांनी पंधरा-वीस सेकंद उभं राहिलं तर कंबर आणि मांड्या मोकळ्या होतात, आणि उभ्या वळणात तो जोर कामाला येतो. पण सर उठले की त्यांची सायकल मागे हिसका खायची. मी मागच्या चाकाला चिकटून चाललो असताना तो हिसका माझ्या पुढच्या चाकाला लागता लागता राहिला. मग मी मोबाईलवर चित्रण केलं. सर एक पॅडल माथ्यावर आणि दुसरं तळाला असताना, जोर सुटलेल्या क्षणी उठत होते, आणि हलक्याच गिअरवर. पाय रिकामा खाली पडायचा आणि सायकल मागे राहायची.

दुरुस्ती अशी. उठण्याआधी एक किंवा दोन गिअर जड करायचे. एक पॅडल माथ्यावरून पुढे निघालं की त्याच्यावर पाऊल टाकत उठायचं, जसं पायरीवर चढतो. हँडल खेचायचं नाही, सायकल पायांखाली थोडी डावी-उजवी होऊ द्यायची. बसताना उलटं, हात किंचित पुढे ढकलत बसायचं आणि मग गिअर हलका. पसरणीच्या खालच्या शांत तुकड्यात सरांनी हे एका सकाळी चाळीसेक वेळा केलं.

डावी वळणं

आपण डाव्या बाजूने चालवतो, याचा चढावर थेट परिणाम होतो आणि बऱ्याचशा परदेशी लिखाणात तो उलटा येतो. वळणाची आतली बाजू लांबीने कमी पण उंची तितकीच, म्हणून जास्त उभी. घाट चढताना डावं वळण आलं की आपण आतल्या बाजूला असतो, म्हणजे चढ अचानक टोचतो. उजव्या वळणाला बाहेरच्या बाजूला, तिथे तो सैल पडतो. म्हणून सरांना सांगितलं, डाव्या वळणाच्या आधी वीस मीटर गिअर हलका करून ठेवा, वळणात शिरल्यावर नको. पाणी प्यायचं ते उजव्या वळणावर. डाव्या वळणात आतल्या कडेपासून एखादा मीटर बाहेर राहिलं तरी चढ बराच सुसह्य होतो. पण हे फक्त रस्ता वर-खाली दोन्हीकडे मोकळा दिसत असेल तेव्हाच. पाचगणीहून उतरणारी एसटी वळणावर पूर्ण रस्ता घेते, आणि रविवारी पर्यटकांच्या गाड्या असतात. दिसत नसेल तर कडेला राहून उभा चढ सोसायचा.

निकाल

मधल्या आठवड्यांत आठवड्याला तीनदा सायकल. एक दिवस घाटाच्या खालच्या भागात आठ मिनिटांचे चार चढ, एकसारख्या जोराने. एक दिवस सपाटीवर निवांत दोन तास. आणि एकदा पूर्ण घाट, पण घड्याळाकडे न बघता. नवा डिरेलर लागल्यानंतर सीट आणि फेरे जुळले तेव्हा वेळ १ तास ६ मिनिटं होती. एप्रिलच्या अखेरीस ती १ तास १ मिनिटावर आली. हिशेबाने सरासरी १६० वॅट. ठोके जवळजवळ सगळा वेळ १४८ ते १५५ मध्ये, शेवटच्या किलोमीटरला १६२.

त्या दिवशी घाटमाथ्याजवळच्या हॅरिसन फॉलीच्या खालच्या वळणांमध्ये मी त्यांच्या मागे पन्नास मीटरवर होतो. डावं वळण आलं, वरून एसटीचा हॉर्न ऐकू आला. सर कडेलाच राहिले. खट्, खट्, दोन गिअर जड झाल्याचा आवाज आला, ते उठले, सायकल जराही मागे आली नाही. एसटी गेली, ते बसले, पुन्हा दोन गिअर हलके. आणि मग वाऱ्यावरून आवाज आला, "एकोणतीस साते दोनशे तीन."

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये फेरे ६२ पर्यंत उतरतात आणि खांदे कानाजवळ येतात. खांदे सांगून सैल होतात, फेऱ्यांना वेळ लागेल.

पावसाळ्यानंतर सरांना पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला जायचं आहे. ते चाळीसेक किलोमीटर आणि दुपटीहून जास्त चढ. तिथे तासाभराचा हिशेब पुरणार नाही, चालता चालता खावं लागेल आणि सुरुवात पसरणीपेक्षाही हळू करावी लागेल. सरांनी वहीत नवीन पान उघडलं आहे. वर लिहिलं आहे, "पहिले १० किमी : दोन ओळी नव्हे, तीन."